तळहातावरची पट्टी

ब्रह्मा घाटावर आमच्या समोर राहणारे गृहस्थ विद्यापीठात सेल्युलोजच्या पारदर्शक फिल्म बनवतात आणि त्यांचे तुकडे खिशात घेऊन हिंडतात. कुणी भेटलं की नमस्काराआधी एक तुकडा त्याच्या कानाशी चुरगाळतात. "ऐका वहिनी, आज पापडासारखी कडक आहे. गंगेवरून दमट हवा आली की मऊ पडेल." मग ग्लिसरीन घातलेला दुसरा तुकडा निघतो. तो मुळीच वाजत नाही. "पाणी येतं-जातं. ग्लिसरीन आत टिकतं, पाण्यालाही धरून ठेवतं. बस, इतकीच गंमत."

त्यांचा खरा खेळ वेगळाच आहे. बिनग्लिसरीनची पातळ पट्टी ते समोरच्याच्या तळहातावर ठेवतात. खालून घामाची ओल लागली की ती वळू लागते. भाजीवाली, नावाडी, माझ्या सासूबाई, सगळ्यांचे हात पाहून झालेत. स्वतःच्या हातावर मात्र ते कधीच ठेवत नाहीत.

आमच्या ह्यांच्या बायपासच्या दिवशी समोरचे ते गृहस्थ माझ्यासोबत ऑपरेशन थिएटरबाहेर बसले होते. मी ठीक आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पट्टी माझ्या हातावर ठेवली. तिची पार सुरळी झाली. एरवी त्यांनी लगेच कारण समजावलं असतं, त्या दिवशी सुरळी उचलून खिशात टाकली.

मी त्यांच्या खिशातून डोकावणारी दुसरी पट्टी काढली. "आता तुमचा हात."

"मेरा रहने दीजिए," ते एकदम हिंदीत म्हणाले. पण हात पुढे केला.

त्यांची पट्टी माझ्याहून लवकर वळली.