शेवटच्या नंबरची रेकॉर्ड

राजमतीला गाण्यांचा राग नव्हता. तिला राग होता नंबरांचा.

तिचं सासर शेलूबाजारचं. नवरा शिखरचंद, भांड्यांचा दुकानदार. पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक पडदा. पडद्याला लागूनच चूल, त्यामुळे दुकानातलं अक्षर न् अक्षर तिच्या कानावर पडायचं, तिला ऐकायचं असो वा नसो. आणीबाणीच्या आधी कधीतरी शिखरचंदनं अकोल्याहून रेकॉर्डप्लेअर आणला आणि पितळी घागरींच्या उतरंडीशेजारी मांडला. मग मोठ्या लाँगप्ले रेकॉर्डी एकेक करत येत गेल्या, आणि बाजाराच्या दिवशी दुकानात एकच विषय रंगू लागला. आजवर जगात जेवढ्या रेकॉर्डी निघाल्या, त्यांत पहिल्या नंबरची कोणती, दुसरी कोणती, तिसरी कोणती. जगात निघालेल्या म्हणजे शिखरचंदच्या फळीवर असलेल्या. त्यापलीकडच्या जगाशी या मंडळींना काही देणंघेणं नव्हतं.

मंडळी तरी किती, तर तीन. एक खुद्द शिखरचंद. त्याचा पहिला नंबर ठरलेला, सतारीच्या रेकॉर्डला. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच राग होता आणि तो संपता संपत नसे. ती लागली की बाकीचे दोघं बिडी ओढायला बाहेर जात. शिखरचंद मात्र डोळे मिटून मान हलवायचा, आणि मधेच एक डोळा किलकिला करून रस्त्यावरचं कोणी आपल्याकडे बघतंय का ते पाहायचा. हे राजमतीनं पडद्याच्या फटीतून कितीदा तरी पाहिलं होतं.

दुसरा शालिग्राम, जवळच्याच गावचा शेतकरी. त्याचे नंबर पिकावर चालत. पराटी, म्हणजे कपाशी, चांगली उभी असली की कव्वालीची रेकॉर्ड पहिली. पावसानं ओढ दिली की रडक्या गझला वर चढत. शिखरचंदला याचा भयंकर संताप यायचा. गेल्या बाजारी ही पाचवी होती ना, असं त्यानं तावातावानं विचारलं, की शालिग्राम शांतपणे म्हणायचा, गेल्या बाजारी पाणी कुठं आलं होतं. तिसरा गुलाबसिंग. लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावण्याचा त्याचा धंदा. ज्या रेकॉर्डचा आवाज नाल्यापलीकडे ऐकू जातो ती चांगली, एवढंच त्याचं शास्त्र. या तिघांचं कधी जमणार होतं? जमलं असतं तर पुढच्या बाजारी करायचं काय, हा प्रश्न पडला असता.

इकडे गंज, म्हणजे पातेलं, घ्यायला आलेली बाई ताटकळत उभी असायची. "थांब बाई जरासी," असं म्हणून शिखरचंद तिसऱ्या आणि चौथ्या नंबरातला फरक सांगत राहायचा, आणि बाई पदर सावरून समोरच्या दुकानात चालती व्हायची. राजमती चहावर चहा करायची. साखर संपली की त्याबद्दल बोलणीही तिलाच बसायची.

एवढंही तिनं सोसलं असतं. पण त्या फळीवर एक रेकॉर्ड तिची होती.

लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती तरी राजमतीनं स्वतःच्या मनानं काही घेतलेलं नव्हतं. लुगडी सासूनं निवडली, बांगड्या नणंदेनं, एवढंच काय, तिचं डोक्याला लावायचं तेलसुद्धा सासऱ्यांच्या काळापासून ठरलेलं. शिखरचंद सतारीची रेकॉर्ड घ्यायला अकोल्याला गेला तेव्हा तीही दवाखान्याच्या कामानं बरोबर होती. दुकानदारानं तिच्यापुढं ढीग सरकवला. त्यात एका पाकिटावर फेर धरलेल्या मुली होत्या. भुलाबाईची गाणी. कारंज्याला माहेरी असताना भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरींबरोबर तीही घरोघरी फिरून ती गायची, झाकलेली खिरापत ओळखायची. तिनं पाकीट उचललं आणि छातीशी धरलं. शिखरचंद दुकानदाराला म्हणाला, हीपण बांधा.

आणि नंबर लागले तेव्हा तिची रेकॉर्ड शेवटी गेली. नुसती शेवटी नाही, तर वाईट रेकॉर्ड मोजायचं माप झाली. एखादी नवी रेकॉर्ड नाही आवडली की गुलाबसिंग म्हणायचा, याच्यापरीस वहिनीची बरी. मग तिघं हसत, त्यात शिखरचंदचंही हसू असे. पडद्याआड राजमतीचा हात चहाच्या भांड्यावर थांबायचा. तिला पहिला नंबर नको होता. नवऱ्यानं चारचौघांत एकदा, फक्त एकदा, तिची रेकॉर्ड एक पायरी वर सरकवावी, एवढंच तिला हवं होतं. पण हे मागायचं कसं? मागून मिळालेला नंबर काय कामाचा?

जनता सरकार आलं त्या वर्षी गावच्या जैन मंदिरात एका माताजींचा, म्हणजे साध्वींचा, चातुर्मास होता. भादव्यात दहा दिवसांचं दशलक्षण पर्व आलं. त्यातल्या त्यागाच्या दिवशी प्रत्येकानं आपल्याला लाडकं असेल ते सोडायचा नियम घ्यायचा, अशी रीत. आता माणसं रीत पाळतातच, पण बेतानं. एकानं आजन्म फणस सोडला, जो शेलूबाजारात कोणी पाहिलाही नव्हता. एकीनं रेशमी लुगडं सोडलं, तिच्याकडे नव्हतंच. शिखरचंदला असली पळवाट आवडत नसे. तो भांडं तोलतानाही काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरून उभा राहणारा माणूस. तो उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, की माझी सगळ्यात लाडकी, पहिल्या नंबरची सतारीची रेकॉर्ड मी आजन्म सोडली.

मंदिरात वाहवा झाली. राजमतीच्या मनात मात्र भलताच हिशेब आला. पहिली गेली, म्हणजे बाकीच्या एकेक पायरी वर येणार. आपलीही येणार. देवळात बसून असा विचार केल्याबद्दल तिनं मनातल्या मनात क्षमा मागितली, पण विचार काही गेला नाही.

कसलं काय. पुढच्या बाजारी रिकाम्या झालेल्या पहिल्या जागेवरून असं भांडण जुंपलं की सगळा दिवस त्यात गेला. कव्वाली की गझला, शहनाई की बँड. वरच्या जागांसाठी शालिग्राम आणि गुलाबसिंग हातघाईवर आले. खाली कोण आहे याची आठवणही कोणाला झाली नाही. उठता उठता गुलाबसिंगनं विचारलं, "अन् शेवटी?" शिखरचंद म्हणाला, "शेवटी ठरलेलीच हाय." राजमतीनं त्या दिवशी चहात साखर घातली नाही. तिघंही तसाच प्याले, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. सतार गेल्याचं शिखरचंदला काहीच वाटत नव्हतं. आजन्म सोडलेल्या वस्तूची आठवण म्हणून तो एकदाही उसासला नाही. उलट अंगातून ताप उतरावा तसा मोकळा दिसत होता.

भुलाबाईचा महिना लागला. राजमती रोज दुपारी प्रवचनाला जायची, त्या वेळी शिखरचंद दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावून आडवा होत असे. एका दुपारी ती बसायचं आसन विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतली आणि मागच्या दारानं आत आली. पडद्यापलीकडे अगदी बारीक आवाजात तिची रेकॉर्ड लागली होती.

तिनं पडदा जरासा सारला. शिखरचंद पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला होता. डोळे मिटलेले, पण आज किलकिले होत नव्हते, कारण बघायला रस्त्यावर कोणी नव्हतं. त्या रेकॉर्डवर एका जागी ओरखडा होता, तिथं सुई अडकून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहायची. ती जागा यायच्या बेतात असताना शिखरचंदचा हात आपोआप वर झाला, त्यानं सुई उचलली आणि केसभर पुढं ठेवली. डोळे न उघडता. गाणं जणू अडखळलंच नाही. एका दिवसात असा हात बसत नाही.

"कवापासून?" राजमतीनं विचारलं.

तो दचकून उठला, बादली आडवी झाली आणि गडगडत उतरंडीवर आपटली. बराच वेळ त्यानं भांडी सावरण्यात घालवला. मग म्हणाला, "तू दुपारची मंदिरात जाते तवापासून."

"मंग चारचौघांत शेवटी काहून ठेवता?"

"बायकांची गानी हायत," तो म्हणाला. "शालिग्राम काय म्हनल?"

राजमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पराटी पाहून नंबर बदलणाऱ्या त्या माणसाला भिऊन यानं आपल्याला इतकी वर्षं सर्वांच्या हसण्याचा विषय केलं होतं. आणि आपण बाहेर पडायची वाट बघून, आपलीच गाणी, आपल्याला सोडून ऐकत होता. एकदा जरी म्हणाला असता, ये, बस, तर चूल सोडून ती आली असती. तिला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून तिनं हाताशी होतं ते बोलून टाकलं.

"माताजीपुढं लाडकी म्हनून सतार सोडली तुमी. लाडकी तं हे हाय. देवाच्या दारात खोटं तोललं."

तिला म्हणायचं होतं ते इतकंच, की येत्या बाजारी त्या दोघांना खरं सांगा. पण राग आला की माणूस मनाला लागेल ते म्हणतो, सांगायचं ते राहून जातं. शिखरचंदचा चेहरा उतरला. खोटं तोलल्याचा आरोप त्याच्यावर आजवर कोणी केला नव्हता. त्यानं रेकॉर्ड पुसली, पाकिटात घातली आणि फळीच्या टोकाला ठेवली. राजमतीला वाटलं, लागलं तर लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं प्रवचन संपलं आणि शिखरचंद पुरुषांच्या बाजूनं हात जोडून उभा राहिला. तो काय बोलणार हे राजमतीनं ओळखलं. उठून त्याला खाली बसवावं असं तिला वाटलं, पण भर सभेत बायकांच्या बाजूनं उठायचं कसं?

"त्या दिवशी मी सोडलं ते माहं लाडकं नव्हतं," तो म्हणाला. "माही सगळ्यात लाडकी रेकॉर्ड माह्या बायकोची हाय, भुलाबाईच्या गान्यांची. आजपासून तिचा आजन्म त्याग."

इतकी वर्षं जे ऐकायला तिचे कान आसुसले होते ते पहिल्या वाक्यात मिळालं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. शेजारच्या बायकांनी कौतुकानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. माताजींनी आशीर्वाद दिला. दुसऱ्याचा त्याग मोडायला लावणं म्हणजे केवढं पाप, हे तिला ठाऊक होतं. ती मान खाली घालून बसली.

बाजाराचा दिवस आला. शिखरचंदच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की जणू बायकोला त्यानं सोन्याचा गोफ केला होता. त्यानं शालिग्राम आणि गुलाबसिंगला बसवलं आणि जाहीर केलं, की पहिला नंबर राजमतीची रेकॉर्ड, कायमचा, यापुढं वाद नाही. जगात तिच्यावर दुसरी नाही. ज्याला हसायचं त्यानं हसावं. कोणी हसलं नाही. शालिग्रामनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, लावा मग.

"मले आयकता नाई येत," शिखरचंद म्हणाला. "सोडली हाय. तुमी आयका, मी मोटारस्टँडवर जाऊन बसतो."

आणि तो खरंच गेला. आवाज पोचणार नाही इतक्या लांब, भर उन्हात, उपरणं डोक्यावर घेऊन. कोणी काही म्हणायच्या आत रस्ता ओलांडून दिसेनासा झाला.

राजमती पहिल्यांदाच पडदा सारून दुकानात आली आणि तिनं रेकॉर्ड लावली. मुलींचे आवाज घागरींवर घुमू लागले. शालिग्राम मान डोलवत होता, गुलाबसिंगही बिडी न पेटवता ऐकत होता. मग ओरखड्याची जागा आली. सुई अडकली, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजू लागली. राजमतीनं सुई उचलून पुढं ठेवली तर अर्धं गाणं निघून गेलं. मागं ठेवली तर पुन्हा तीच ओळ. केसभर म्हणजे नेमकं किती, हे तिच्या हाताला माहीत नव्हतं. ते ज्या हाताला माहीत होतं तो मोटारस्टँडवर होता. तिनं दोनदा, चारदा करून पाहिलं आणि शेवटी यंत्र बंद केलं.

शालिग्रामनं टोपी पुन्हा घातली. त्याला बहुधा तिचं मन राखायचं होतं. तो म्हणाला, "वहिनी, पयला नंबर बराबर हाय. आमचंबी काई म्हननं नाई."

राजमतीनं रेकॉर्ड पदरानं पुसली, पाकिटात सरकवली आणि फळीच्या अगदी टोकाला, होती तिथंच ठेवली.

"शेवटीच राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "शेवटी होती तवा घरातलं मानूस आयकत तरी होतं."

आणि ती चहा ठेवायला आत गेली.