पन्हाळा यादीत नाही

कॉलेजातल्या मोठ्या कॉम्प्युटरला नाव द्यायचं ठरलं, तेव्हा आमच्या विभागप्रमुख सरांनी 'पन्हाळा' असं जाहीर करून टाकलं. त्यांच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. त्या काळी ईमेल आपोआप पोचत नसे. मशीनचं नाव पुण्याच्या केंद्राकडं नोंदवावं लागे. केंद्र फोनच्या लाइनीवरून मशीनला हाक मारी, त्यानं उत्तर दिलं तरच नाव यादीत जाई आणि ती यादी जगभरच्या मशीनांना मिळे. यादीत नाव नसलं की ईमेल आल्या वाटेनं परत.

मी तिथं लॅब सांभाळायचे आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या क्लासमध्ये शिकवायचे. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी मला संशोधनासाठी घ्यायचं जवळजवळ कबूल केलं होतं. जागा पक्की झाली की ते ईमेल करणार होते आणि माझा होकार त्यांना ताबडतोब हवा होता. मी पन्हाळ्याचा पत्ता देऊन बसले. बाकी सगळीकडून नकार आले होते. ही जागा गेली तर मी याच लॅबमध्ये म्हातारी होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

केंद्राचा फोन यायचा त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं लेथसुद्धा बंद ठेवून पुजतात. सरांनी कॉम्प्युटर बंद करायला लावला, फोनच्या लाइनीला जोडलेल्या मोडेमची वायर काढली आणि दोघांना हळदकुंकू वाहिलं. फोन येईल, नुसतं चालू तरी राहू द्या, म्हणून मी अक्षरशः हातापाया पडले.

"आज हत्यार चालवायचं न्हाय," सर म्हणाले. "एका दिवसानं काय बुडतंय?"

आणि लॅबची किल्ली खिशात टाकून ते गेले. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

फोन नेमका त्याच दिवशी येऊन गेला. दसऱ्यानंतर मी केंद्राला विचारलं, तेव्हा कळलं की उत्तर न मिळाल्यानं आमचं नाव बाजूला ठेवून नवी यादी रवाना झाली होती. मी रडले, विनवलं. तिकडचा माणूस भला होता, पण गेलेली यादी त्याला परत बोलावता येत नव्हती.

तशीच एसटीडी बूथवर धावले आणि प्राध्यापकांना फोन लावला. ते फार सौजन्यानं बोलले. त्यांनी दोनदा ईमेल केलं होतं, दोन्ही वेळा असं मशीनच नाही म्हणून परत आलं. माझा विचार बदलला असावा असं वाटून त्यांनी जागा दुसऱ्याला दिली होती. मी काहीतरी इंग्रजीत आभार मानले.

पुढच्या यादीत पन्हाळा आला. सरांनी पेढे वाटले.

प्राध्यापकांना फोन केला त्याच संध्याकाळी मी आईला मात्र सांगितलं होतं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"पत्ता तर बरोबर दिला हुतास की?"

"व्हय," मी म्हणाले. "बरोबर हुता."

मग तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि मी ताट घेऊन जेवायला बसले.