चंद्रीचा उजवा डोळा

डॉक्टरांनी चंद्रीची एक पापणी वर केली, वाकून पाहिलं आणि हळूच सोडली. मग दुसरी. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उजवा डोळा गेला, बाई. डावा वाचवता येईल. पण उशीर फार केलात."

अमरावतीच्या सरकारी दवाखान्याची ओसरी माणसांनी भरली होती. चंद्री, माझी पाच वर्षांची लेक, माझ्या खांद्यात तोंड खुपसून होती. उजेड तिला सोसत नव्हता.

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, "ही खाते काय?"

"ज्वारीची भाकर. तिखट-मीठ. कधी वरण."

"दूध?"

"गाय इकली."

"पालेभाजी?"

मी नकाराची मान हलवली. त्यांनी जात विचारली. मी सांगितली, "माळी."

त्यांनी मान वर केली. "माळ्याच्या घरात भाजी नाही?"

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आधी झाला तो नाइट ब्लाइंडनेस, म्हणजे रातांधळेपणा. हिरवा पाला नाही, दूध-लोणी नाही, की तो होतो. तेव्हाच सावध झालं तर डोळे वाचतात. नाही तर कॉर्निया सुकतो. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काच. त्यात गोवर आला, की ती काच विरघळते. चंद्रीचं तसंच झालं होतं.

आमचा मळा नांदगावच्या वाटेवर. मी लग्न होऊन आले तेव्हा विहिरीभोवती मेथी, चुका, वांगी, गवार. बांधावर शेवगे. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, घोळ आणि तांदुळजाचा पाला न पेरता यायचा. चंद्री तो कच्चाच खायची.

मग कुठे तरी साता समुद्रापलीकडे लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातला जो तो येडा झाला. आमच्या धन्यांनी, चंद्रीच्या बापाने, आधी वांगी उपटली, मग मेथीचे वाफे. शेवगे तोडले. धुरेसुद्धा नांगरले. चरायला पडीत जमीन उरली नाही, तशी गाय विकली. बाभूळ पडली त्या दिवशी सुगरणी संध्याकाळपर्यंत विहिरीवर घिरट्या घालत होत्या.

मी म्हटलं, "घरापुरता एक वाफा तरी ठेवा."

ते हसले. "भाजी काय, बजारात भेटते. तू कावून चिंता करतं?"

बाजारात भाजी कुठून येणार? सगळ्याच माळ्यांनी कापूस लावला होता.

पावसाळा सरताना चंद्री दिवेलागणीला चौकटीवर आपटू लागली. पुढ्यातली ताटली तिला सापडेना. सासू म्हणाली, "नखरे करून रायली पोट्टी." मी धन्यांना सांगितलं. ते म्हणाले, "येचणी होऊ दे, मंग पाहू."

वेचणी चालू असतानाच गोवर आला. ताप उतरला तेव्हा चंद्रीला डोळे उघडता येईनात. मी गाडी जुंपायला सांगितलं, तर गाडीत कापूस भरलेला. तो खाली होऊन गाडी परत येईल म्हणून मी दारात बसून राहिले. शेवटी माझा भाऊ आला आणि त्याच्या दमणीतून, हलक्या बैलगाडीतून, आम्ही निघालो. सगळी वाट कापसाच्या गाड्यांनी अडलेली. गाडीवान खुशीत गात होते. चंद्री उन्हाने किंचाळत होती.

डॉक्टरांनी कॉड लिव्हर ऑइल दिलं, म्हणजे माशाच्या काळजाचं तेल. डोळे कोमट पाण्याने धुवायचे, पट्टी बांधायची, तेल पाजायचं. आम्ही दवाखान्यातच राहिलो. वासाने तिला उलटी व्हायची. मी पुन्हा पाजायची.

सासू भेटायला आली. बाटली हुंगून म्हणाली, "माळकऱ्याच्या घरात मासोई? बाटवली पोरगी!"

मी त्या घरात आल्यापासून तिला कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हटलं, "तुमची माळ तिले डोया देते काय? नाई ना? मंग बसा गुपचूप." ती बसली नाही, निघून गेली. मला त्याचं काही वाटलं नाही.

धनी आले ते चांदीचे तोडे घेऊन. पट्टी बांधलेल्या लेकीच्या पायात त्यांनी ते स्वतः घातले. "पाय हालव बाई, वाजते पाय कसे!" चंद्रीने पाय हलवले आणि विचारलं, "बाबा, दिसते कसे?" ते उठून ओसरीवर गेले. रडले असतील. मी पाहायला गेले नाही.

डावा डोळा वाचला. पट्टी सुटली तेव्हा चंद्री बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माय, तू बुढी झाली." मी डॉक्टरांच्या पाया पडले. ते मागे सरकले. "पाया नका पडू. भाजी लावा."

निघताना धन्यांनी माझ्यासमोर डॉक्टरांना भाजी लावायचा शब्द दिला होता. मृगात त्यांनी पुन्हा विहिरीपर्यंत कापसाची सरकी टोवली. रोपं वीतभर झाली तशी खुरपं घेऊन विहिरीजवळच्या ओळी उपटल्या आणि मेथी टाकली. ते धावत आले.

"हे काय करून रायली तू?"

"चंद्रीचा एक डोया अजून हाय," मी म्हटलं.

ते उभे राहिले, मग परत गेले. तो तुकडा तेव्हापासून माझा.

पुढे ती लढाई संपली आणि भाव कोसळला. तेव्हा आमच्या धन्यांनी अर्ध्या मळ्यात वांगी लावली, धुऱ्यावर शेवगे लावले. आता गावात सांगतात, माळ्याने लेकीच्या डोळ्यासाठी कापूस सोडला. चंद्रीलाही तसंच वाटतं. ती बापाला लाडाने बिलगते, आणि मी तिला खरं सांगत नाही.

पण बायांनो, तुम्हाला सांगते. लेकरू दिवेलागणीला ठेचाळलं, तर घरातल्या पुरुषाला विचारत बसू नका. त्याच पावली त्याला उचला आणि निघा. मी विचारत बसले नसते, तर आज चंद्रीला उजव्या बाजूने येणारी बैलगाडी मान न वळवता दिसली असती.