लखोट्यातले फ्यूज

ऑफिसात त्यांना 'लखोटे' म्हणत, आणि ते नाव त्यांनी स्वकष्टाने कमावलं होतं. रेकॉर्ड विभागात सदतीस वर्षं काढलेला हा गृहस्थ सुटी टाचणीसुद्धा लखोट्यात घालून, डिंकाने चिकटवून वर सही ठोकायचा. निवृत्तीनंतर हुकमत गाजवायला बायको आणि नवी गाडी एवढंच उरलं.

गाडीचं माहितीपुस्तक त्यांनी तोंडपाठ केलं. बायको भाजी निवडायला बसली की प्रवचन सुरू. "अगं, रिले म्हणजे साहेबाचा शिपाई. साहेबाने नुसतं बटण दाबायचं, विजेचं ओझं शिपायाने वाहायचं. आणि वीज जास्त झाली तर फ्यूज स्वतः जळतो, बाकीच्यांना वाचवतो." तीस वर्षं या घरात ही दोन्ही कामं कोण करतंय, हे बायकोने विचारलं नाही. तिने मान डोलावली, आणि ऐकलंही.

ऐकायला कारण होतं. छप्पन्नाव्या वर्षी ती गाडीच्या परवान्याची परीक्षा देत होती. दोनदा नापास, ही तिसरी खेप. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची थोरली बहीण राहायची. तिकडे सोडा म्हटलं की लखोट्यांचं ठरलेलं उत्तर, "बघू." त्या 'बघू'ला ती मनापासून विटली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी लखोट्यांनी हॉर्नच्या वायरीला आणखी एक दणदणीत हॉर्न जोडला. तेवढ्यात फ्यूजपेटीच्या झाकणात जादा फ्यूज आणि ते उपटायचा चिमटा दिसला, तसा त्यांचा जीव वरखाली झाला. असा माल उघड्यावर? सगळं लखोट्यात, लखोटा कपाटात, किल्ली उशीखाली.

मैदानावर परीक्षक म्हणाले, "बाई, हॉर्न वाजवा." हॉर्न असा गरजला की परीक्षकांच्या हातातला कागद पडला. मग हॉर्न चिडीचूप.

"फ्यूज उडाला," लखोटे धावत येऊन म्हणाले. "घाबरू नकोस, जादा आहेत आपल्याकडे."

"कुठे?"

"कपाटात. अगदी सुरक्षित."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं देतो. नाहीतर दोन महिन्यांनी या."

म्हणजे आणखी दोन महिने 'बघू'. तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिने गाडी बंद केली, बॉनेट उघडलं. फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतल्या तक्त्यावर बोट फिरवून हॉर्नचा जळका निळा फ्यूज शोधला आणि पर्समधल्या भुवयांच्या चिमट्याने उपटला. नवऱ्याचा हॉर्न वायरीवरून सोडवून त्याच्याच हातात दिला. मग तेवढ्याच ताकदीचा निळा फ्यूज रेडिओच्या खाचेतून काढून हॉर्नला बसवला.

"अगं, पण नियमाप्रमाणे..." लखोटे हातातला हॉर्न सावरत म्हणाले.

हॉर्न वाजला. ती पास झाली.

परतताना तीच चालवत होती. मांडीवर हॉर्न घेऊन शेजारी बसलेल्या लखोट्यांनी बातम्यांसाठी रेडिओचं बटण दाबलं. एकदा, दोनदा.

"त्याचा फ्यूज हॉर्नला दिलाय," ती म्हणाली.

"मग घरी चल लवकर. लखोटा फोडतो."

"आधी ताईकडे जायचंय."

"अगं, मला तेवढं घरी सोड की आधी."

"बघू," ती म्हणाली आणि बहिणीच्या रस्त्याला वळली.