डाव्या जाळीतून येणारी हवा

आधीच सांगते, अंगात आलेल्या बाईला लिंबू-साखरेचं पाणी पाजून खाली बसवणाऱ्यांतली मी आहे. भूत, बाधा, करणी यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आता मानते का, ते मला नीट सांगता येणार नाही... पण जे घडलं ते इतकं घाणेरडं होतं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या अंगावरून जाणार नाही. जेवत असाल तर नंतर वाचा.

आम्ही पुण्याजवळ दापोडीला राहतो, रेल्वे लाइनच्या बाजूच्या गल्लीत. माझे मिस्टर पिकअप चालवतात. भोसरीच्या वर्कशॉपमधून तयार पार्ट भरायचे आणि चाकणच्या कंपन्यांत पोचवायचे, हा त्यांचा रोजचा धंदा. मी घरी केक करते. इतकी वर्षं शेजारपाजारचे वाढदिवस केले, आणि मग चाकणच्या एका कंपनीची ऑर्डर लागली. दर महिन्याला ज्यांचे वाढदिवस असतील, त्या सगळ्यांचा मिळून एक मोठा क्रीमचा केक. माझ्या नावावर मिळालेलं हे पहिलं खरं काम. त्या दिवशी मी स्वतःसाठी चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायले, इतका आनंद झाला होता.

क्रीमला गारवा लागतो. चाकणच्या वाटेवर मोशीच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटरवर केक नेणं म्हणजे खीर पोचवणं. म्हणून मिस्टरांनी जुनी पिकअप विकून दुसरी घेतली. तीही जुनीच, पण केबिनला एसी असलेली. ते गाडी चालवणार आणि मी शेजारी डाव्या सीटवर केकचा बॉक्स मांडीवर घेऊन बसणार, असं ठरलं.

आणखी एक सांगायला हवं. मला किळस लवकर येते. हॉटेलात मी ग्लासाचा वास घेऊन मगच पाणी पिते. सासूबाई म्हणायच्या, "हिला पाण्यालाबी साबन लावून पायजे." त्यामुळे पहिल्याच फेरीत मी नाक मुरडलं तेव्हा माझं कुणी मनावर घेतलं नाही.

एसी चालू होता. मिस्टरांच्या बाजूला छान गार. माझ्या बाजूच्या जाळीतून मात्र मोशीच्या पुढे कोमट, दमट हवा यायला लागली. आणि वास... गुटख्याचा. नुसता गुटखा असता तर कपाळाला हात लावून बसले असते. त्यात न धुतलेलं तोंड होतं, किडलेली दाढ होती. बसमध्ये एखादा माणूस खांद्यावरून वाकून बोलायला लागला की येतो, तसा. जाळीच्या पट्ट्या खिडकीकडे वळवल्या तरी तो माझ्या गालावरच येत होता.

"अहो, गुटख्याचा वास येतोय."

"आगं, मी सुपारीबी खात न्हाई. गार तर हाय हवा. तुला काय, सगळ्याचीच किळस."

केक पोचला. दुपारी एचआरच्या मॅडमचा फोन आला. बाई फार चांगल्या, शब्द जपून वापरत होत्या. "केक दिसायला सुंदर होता हो. पण क्रीमला तंबाखूसारखा वास होता. लोकांनी... म्हणजे तोंडातून काढून टाकला." पुढच्या महिन्यात एकदा बघू, नाहीतर आम्ही चाकणमधलीच बेकरी धरू, असं म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले.

कासारवाडीला बालाजी म्हणून एक एसी मेकॅनिक आहे, मूळचा लातूरकडचा. त्याला वासाचं सांगितलं तर हसला. "वहिनी, एका बाजूला गार, एका बाजूला गरम म्हंजे गॅस कमी. साधी गोष्ट हाय." गॅस भरला, लिकेज बघितलं. मग वासासाठी डॅशबोर्ड खोलला आणि आत निघालं उंदराचं घरटं. कागद, चिंध्या, आणि ब्लोअरच्या पंख्याला चिकटलेला, वाळून चपटा झालेला उंदीर. केस तेवढे शिल्लक होते. म्हणजे माझ्या केकवर इतका वेळ त्या उंदरावरून गेलेली हवा पडत होती. मी नाक दाबून उभी होते, पण खरं सांगू का, बरंही वाटलं. उंदीर सापडला म्हणजे कारण सापडलं. बालाजीने कूलिंग कॉइल फोमने धुतली, पाणी जायची नळी साफ केली, नवा फिल्टर टाकला.

गाडीला औषधाचा वास येऊ लागला. पण तो फार दिवस टिकला नाही. वास परत आला आणि कोमट हवाही परत आली, डाव्या जाळीतूनच. आता बालाजी म्हणाला, हीटरचा कॉक गळत असेल, इंजिनाचं गरम पाणी आत शिरत असेल. त्याने हीटरच्या नळ्याच काढून बाहेरच्या बाहेर एकमेकींना जोडून टाकल्या. आता आत गरम हवा तयार व्हायला जागाच उरली नव्हती. तरी जाळीतून ती वाफ येतच राहिली. बालाजी दर वेळी ड्रायव्हरच्या सीटवर बसून तपासायचा, मिस्टरही तिथेच बसणारे. "ठीक तर आहे" म्हणायचे दोघे. डावीकडे बसणारी मी एकटी.

दुसऱ्या केकचा दिवस जवळ आला. मी ठरवलं, आधी रिकामा बॉक्स घेऊन जाऊन बघायचं. बॉक्सला नेहमीसारखी पांढरी साटीनची रिबीन बांधली आणि मिस्टरांबरोबर निघाले. चाकणच्या कांदा मार्केटजवळ ट्रकांच्या रांगेत अडकलो. काच वर, एसी चालू. माझं लक्ष बाहेर होतं. खाली बघितलं तर रिबिनीचं एक टोक बॉक्सवरून उठलं होतं. ते हळूच जाळीकडे गेलं, पट्ट्यांच्या फटीत शिरलं, आणि बोटभर आत गेलं.

एसीची जाळी हवा देते. ओढून घेत नाही. एवढं मलाही कळतं.

मी रिबीन धरून मागे खेचली. टोक ओलं होतं... आणि गरम. त्यावर तांबूस चिकट काहीतरी होतं. लहान मूल चघळलेली वस्तू तोंडातून काढून हातात देतं ना, अगदी तसं. मी दार उघडून उतरले आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकले. आजूबाजूला सडक्या कांद्यांचे ढीग होते. त्यांचा वास मला त्या वेळी चांगला वाटला, यावरून समजा.

मिस्टर एरवी हसले असते. ते हसले नाहीत. मी उतरलेल्या सीटवर ते सरकले, एसी बंद केला, इंजिन बंद केलं आणि जाळीजवळ तोंड नेलं. लगेच मागे आले आणि बाहीने ओठ पुसत राहिले. काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाले, "बस गाडीत. बालाजीकडं जाऊ."

बालाजीने त्या दिवशी बॅटरीची वायरच काढली, म्हणजे पंखा फिरायचा प्रश्नच नको. कुठून हवा गळते हे बघायला तो नेहमी अगरबत्ती वापरतो, गॅरेजमधल्या देवासमोरची. तीच पेटवून त्याने डाव्या जाळीसमोर धरली. भर दुपार, शटर वर, वारा नाही. धूर सरळ वर जात होता. मग वाकला. जाळीच्या दिशेने वाकला आणि आत गेला. थोडा थांबला. मग सगळा धूर बाहेर आला, आमच्या तोंडावर, गुटख्याच्या वासासकट. परत आत गेला. परत बाहेर. चौथ्यांदा का पाचव्यांदा आतून खाकरल्याचा आवाज आला. घशात बेडका अडकलेला माणूस खाकरतो, तो आवाज. तो ओळखायला मी चुकूच शकत नाही, आमच्या गल्लीत सकाळी सगळे नळावर तेच करतात.

बालाजी हात वर करून दोन पावलं मागे सरला. "वहिनी, श्वास घ्यायलंय बगा ते."

मग मिस्टर म्हणाले, "काढ सगळं. न्हाई पायजे एसी आमाला."

ब्लोअर, कॉइल, आतला सगळा डबा त्याने काढला आणि डॅशबोर्डच्या भोकावर पत्रा मारला. त्या दिवसापासून गाडीत वास नाही. दुसरा केक मी थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्या लावून नेला. मॅडमचा फोन आला. एक तुकडाही उरला नाही म्हणाल्या. ऑर्डर राहिली. मला रडू आलं.

काढलेला डबा बालाजीच्या गॅरेजमध्ये कोपऱ्यात पडून होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने मिस्टरांना फोन केला. "भाऊ, गिऱ्हाईक इचारायलेत, हितं कोन थुकतंय म्हनून. मी भंगारवाल्याला देऊन टाकायलोय." दिला. पुढे एकदा मी सहज विचारलं, त्या भंगाराचं काय होतं हो? बालाजी म्हणाला, कॉइलचं अ‍ॅल्युमिनियम भट्टीत जातं, वितळवतात, पुन्हा भांडी होतात. पातेली, कढया, काय वाट्टेल ते. मला समाधान वाटलं. आगीत गेलं ते गेलं, असा माझा हिशेब.

दिवाळीनंतर कंपनीने केक मोठा मागितला. मी पिंपरी मार्केटमधून केकची दोन नवी अ‍ॅल्युमिनियमची भांडी आणली. एकाच दुकानातली, एकाच मापाची. दोन्ही घासली, उकळत्या पाण्यातून काढली, एकाच मिश्रणाने भरली आणि एकदमच ओव्हनमध्ये ठेवली. ओव्हनचं दार उघडल्यावर गरम वाफ तोंडावर येते, त्याची मला सवय आहे. ती व्हॅनिलाची असते.

एका भांड्याची होती. दुसऱ्याची नव्हती.

तो स्पंज मी तसाच पिशवीत बांधून फेकला. भांडं व्हिनेगरने धुतलं, लिंबाने धुतलं, उन्हात ठेवलं, पुन्हा भाजून बघितलं. तेच. मिस्टरांना वास घ्यायला दिला तर त्यांनी पुन्हा बाहीने ओठ पुसले. बालाजीला या म्हटलं तर म्हणाला, योगायोग असेल वहिनी. पण आला मात्र नाही.

असेल योगायोग. कुठली कॉइल कुठल्या भट्टीत गेली, कोण सांगणार? कदाचित दुकानात ते भांडं कुणीतरी घाणेरड्या हातांनी हाताळलं असेल. कदाचित माझं नाकच आता बिघडलं असेल. मला खरंच माहीत नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा. मोठे केक मी आता चांगल्या भांड्यात दोनदा भाजून करते. वेळ दुप्पट लागतो, पण ऑर्डर चालू आहे.

दुसरं भांडं गॅलरीत उपडं ठेवलंय, वर पेव्हर ब्लॉक ठेवून. मिस्टर म्हणतात, दे भंगारात, सुटशील. मी विचारते, आणि तिथून ते वितळून कुणाच्या चुलीवर जाईल? त्यावर ते वरचा ब्लॉक नीट बसलाय का बघतात, आणि भांडं आमच्याच गॅलरीत राहतं.