जॉनचा विष्णू केला त्याची गोष्ट

“नाव सांगा, बाई. बैल कुणाचा होता?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

सरस्वतीबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, “त्यांचा.”

देवासच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची एक जागा भरायची होती. मी मेंटल फिलॉसफी, म्हणजे मानसशास्त्र, घेऊन बी.ए. झालेला, म्हणून उमेदवारांची स्मरणशक्ती तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. टेस्ट साधी. एक गोष्ट वाचून दाखवायची, ऐकणारीनं ती परत सांगायची. गोष्ट विलायती पुस्तकातली. तिच्यातल्या जॉनचा मी विष्णू केला होता आणि त्याचा मला अभिमान होता. धारला चार बायकांवर टेस्ट बिनबोभाट पार पडली. तिथून टांग्यानं इथवर येताना अंग आंबून गेलं होतं. कधी एकदा आटपतंय असं झालं होतं.

सरस्वतीबाईंनी सगळं सांगितलं. पूर, वाहून गेलेला बैल, दोर टाकणारी तीन माणसं. फक्त नाव नाही.

“मुख्य माणूसच विसरली. फेल,” मेमसाहेब इंग्रजीत म्हणाल्या. शाळा त्यांच्या देखरेखीखाली होत्या. मराठी त्यांना समजे, बोलता येत नसे.

मी ‘फेल’ लिहिलं. बाईंचा नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, घरात दोन मुली, हे अर्जात होतं. वाईट वाटलं, पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

बाई बाहेर पडल्या. दारातून सगळं ऐकलेला म्हातारा चपराशी पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाला, “बाई नाव कैसे लेगी, भियासाब? विष्णुपंत तर तिचेच घरवाले.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही,” मी मेमसाहेबांना सांगितलं.

“परीक्षेतसुद्धा?”

“परीक्षेतसुद्धा.”

त्यांनी टेबलावरची पाटी माझ्या हातात दिली. “मग लिहू दे,” म्हणाल्या.

चपराशानं बाईंना फाटकातून परत आणलं. मी पाटी पुढे केली. त्यांनी सुरेख अक्षरात नाव लिहिलं आणि पाटी पालथी करून माझ्याकडे सरकवली. जागा त्यांना मिळाली.

माझ्या आईनं उभ्या जन्मात वडिलांचं नाव घेतलं नाही. ‘ते’, ‘त्यांचं’ एवढंच ऐकत मी वाढलो होतो. पुढच्या टेस्टपासून मी विष्णू काढून ‘एक शेतकरी’ घातला. रिपोर्टात ‘कोण काय विसरलं’ असा एक रकाना होता. तो उमेदवारांसाठी होता, म्हणून त्यात मी माझं नाव घातलं नाही.