चार कप चहा आणि एक जबाब

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आता एकटा बसलो की मनात येतं ते एका लॅपटॉपचं प्रकरण.

मॅनेजमेंट कॉलेजचे तीन विद्यार्थी सकाळीच पोलीस ठाण्यात आले. एका कंपनीनं कॉलेजांसाठी स्पर्धा ठेवली होती. तिची घरगुती पिठाची गिरणी गावाकडं का खपत नाही ते शोधायचं आणि उपाय मांडायचा. परवा पुण्यात अंतिम फेरी, आणि सगळं काम ज्यात होतं तो लॅपटॉप लायब्ररीतून गेलेला. "सर, गुन्हा लगेच दाखल करा," एवढाच त्यांचा धोशा. मी आधी नुसता अर्ज घेतला; नेणारा कॉलेजातलाच कुणी असणार. विद्यार्थ्याच्या नावावर गुन्हा लागला की त्याच्या आयुष्याचं वाटोळं होतं, हे मी पाहिलेलं होतं.

कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणाले, आम्हाला काही माहीत नाही. कॅन्टीनवाले मामा तेवढे हळूच बोलले.

"साहेब, ह्या तिघांचा चहा महिनाभर चार कप जायचा. परवापास्नं तीनच जातोय."

"चौथं कोण?"

"हाय एक पोरगी, बिडकीनची. लई गुमान असती. कुणाला काय बोलत नाय."

महिला शिपाई सोबत घेऊन मी दुपारी मुलींच्या वसतिगृहावर गेलो. रेक्टरबाईंच्या खोलीत ती आली आणि मी विचारायच्या आधीच लॅपटॉप टेबलावर ठेवला. का नेला म्हणून विचारलं, तर ती खाली बघत चार्जरची वायर गुंडाळत बसली. मी आवाज चढवला. चुकलंच माझं; ती अजूनच मिटली. अर्धा तास असाच गेला. शेवटी कंटाळून म्हणालो, "बरं, ते राहू दे. बाया ही गिरणी घेत का नाहीत, तेवढं तरी सांग."

ती चक्क उठून उभी राहिली.

"सर, मी बिडकीनला आन् आजूबाजूच्या गावांत घरोघर फिरले. बाया म्हणतात, गिरणी घरात आली तर आम्ही बाहेर कशाच्या निमित्तानं पडायचं? गावच्या गिरणीवर डबा लावला की नंबर येईस्तोवर दोन शब्द बोलता येतात. दिवसभरात तेवढंच. म्हणून घराघराला विकू नका. बचत गटाला विका, आन् गिरणीपाशी एक बाकडं ठेवा."

अरे वा! मी नि महिला शिपाई बघतच राहिलो. पोरीनं कंपनीच्या साहेबांनाही सुचलं नसतं ते शोधलं होतं.

"मग पुण्यात हे सांगणार कोण?"

ती खाली बसली. "ते तिघं. नियमात तिघंच बसतात आन् माझं इंग्रजी कच्चं. सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर सगळ्यांचे आभार मानलेत, चहावाल्या मामांचे पण. माझं नाव नाय. ते घालायलाच नेला होता, सर. घातलं. मग वाटलं, मीच नेला हे लगेच ओळखतील. परत खोडलं."

मी जबाब लिहिला. "मी, अमुक अमुक, वय एकवीस, धंदा शिक्षण, राहणार बिडकीन, समक्ष विचारल्यावरून सांगते की..." गिरणीचं सगळं त्यात घेतलं आणि शिरस्त्याप्रमाणे वाचून दाखवला. सही करून ती म्हणाली, "सर, ह्याची नक्कल मिळंल का?"

"कशाला?"

"ह्यात माझं नाव पहिलं आहे."

"असं देता येत नाही," मी म्हणालो. नियम तसाच होता. पण मला तिच्याकडं बघवलं नाही.

त्या तिघांना मी चांगलंच झापलं. तिचं नाव घाला म्हणालो; त्यांनी माना डोलावल्या, अर्ज मागे घेतला. गुन्हा टळला. पुढच्या आठवड्यात पेपरात बक्षिसाचा फोटो आला. फोटोत तिघंच होते, आणि खाली नावंही तीनच. तक्रार नाही असा शेरा मारून अर्ज दप्तरी दाखल झाला, त्याच्यासोबत तिचा जबाबही. चोर कोण ते मी शोधलं, पण चोरी कोणाची झाली ते दप्तराबाहेर कधी आणलं नाही, ही खंत राहिली.

आता मी निवृत्त. बायको गेली, मुलगा बंगळुरूला. बाबांचे हाल नकोत म्हणून त्यानं मला घरगुती गिरणी पाठवली आहे. ती अजून खोक्यातच आहे. मी दोन किलो ज्वारी घेऊन मुकुंदवाडीच्या गिरणीवर जातो आणि नंबराची वाट बघत बसतो. कालच एक बाई म्हणाल्या, "साहेब, घरी गिरणी असून इथं का येता?"

मी त्या पोरीचं सगळं सांगितलं. त्यांनी तिचं नाव विचारलं.

मला आठवलं नाही.